त्रेचाळीस मुलांचा एकच नंबर

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळा समितीच्या प्रमुख, आदरणीय अहिल्याताई. तलासरीच्या तालुका कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे शैलेशसाहेब. मंचावरील मान्यवर, माझे सहकारी शिक्षक-शिक्षिका, स्वयंपाकघरातल्या मावश्या, पाड्यापाड्यांवरून चालत आलेले पालक आणि माझ्या लेकरांनो,

माझ्याआधी चौघे बोलले. गुरुजी देवमाणूस, गुरुजींनी कधी आवाज चढवला नाही, असं सगळे म्हणाले. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एकतीस वर्षांचा तो आवाज आज चढणार आहे. साहेब, तुम्ही पाणी पिऊन घ्या.

आपल्या शिक्षिका वर्षाबाईंनी मला विचारलं, गुरुजी, निरोपाला काय देऊ? मी म्हणालो, शाल नको, श्रीफळ नको, चालू मोबाईल द्या. बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हातारपणी व्हिडिओ बघणार वाटतं!" तो मोबाईल या टेबलावर खोक्यात आहे. तो का मागितला, तेवढंच सांगतो आणि खाली बसतो.

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की या शाळेतल्या त्रेचाळीस मुलांचा मोबाईल नंबर एकच आहे? माझा! शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, दाखला असो, परीक्षेचा अर्ज असो, नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पाड्यावर कुणाकडे फोन नाही, असला तर रिचार्ज नाही. मग मुलं म्हणायची, सरांचाच टाका. मीही टाकू दिला. मला तर त्याचा अभिमान वाटायचा, बघा! ओटीपी माझ्याकडे यायचा, मी वर्गात आकडे मोठ्याने वाचायचो आणि पोरं टाळ्या वाजवायची.

आता गेल्या वर्षीचा जुलै. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर आला. मी काय केलं? परिपत्रक पुढे पाठवतात तसा तो पालकांना पाठवला. वर "पालकांनी दक्षता घ्यावी" आणि खाली माझं नाव, हुद्दा. खातरजमा? छे! मुख्याध्यापकाची सही पडली की लोकांना ते खरंच वाटणार. दुसऱ्या दिवशी एका गावात दोन भांडीवाल्यांना लोकांनी घेरून मारलं. जिवावर बेतलं होतं, थोडक्यात वाचले. ती चूक माझी. ती मी आजही कुणावर ढकलत नाही.

पण मग वरून काय झालं? चार दिवस तालुक्याचं इंटरनेट बंद! एका माणसाने मूर्खपणा केला, शिक्षा लाखभर लोकांना. नेट बंद केल्याची सूचना कशावर पाठवली माहीत आहे? व्हॉट्सअॅपवर! मला ती पाचव्या दिवशी मिळाली. हसू नका. मला हसू येत नाही.

तिसऱ्या रांगेत काळीबाई बसल्यात. त्यांच्या बाजूला त्यांची मुलगी तानी. बारावी सायन्स, एक्काहत्तर टक्के, आमच्या पाड्यांवरची पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख म्हणजे त्या चार दिवसांतला तिसरा दिवस. तानी रडत बसली नाही. ई-सेवा केंद्रातल्या दिपकला घेऊन ती उधवा गावाच्या पलीकडची टेकडी चढली. तिथे पलीकडच्या राज्याच्या टॉवरची रेंज येते. दिपकच्या मोबाईलवर मेसेज आला, गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे. बघा, आपल्या राज्याने दार लावलं आणि शेजाऱ्याने या म्हटलं! फॉर्म उघडला. सगळा भरला. शेवटी ओटीपी पाहिजे होता. तो कुठे जाणार? माझ्या नंबरवर.

आणि मी कुठे होतो? त्या मेसेजच्या चौकशीला मला बोलावलं होतं. कुठे, ते सांगत नाही, पेन्शनचे कागद अजून यायचेत. माझा फोन काढून घेऊन समोरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. एसएमएस काही बंद नव्हते. साडेचारला ड्रॉवरमध्ये टिंग वाजलं. मी म्हणालो, साहेब, एका मुलीचा आकडा आलाय, मला हात लावू देऊ नका, तुम्हीच वाचून दाखवा. चौकशीचे साहेब म्हणाले, "चौकशी चालू आहे." पुन्हा टिंग वाजलं. मग रिंग वाजली, दिपकचीच असणार. मी हात जोडले हो! आयुष्यात पालकांसमोरसुद्धा इतके जोडले नव्हते. त्यांनी ड्रॉवर उघडला, फोन सायलेंट केला आणि ड्रॉवर बंद केला.

सहा वाजता मुदत संपली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मुदत वाढवून द्या म्हणून मी हाताने अर्ज लिहिला. उत्तर मिळालं, अर्ज ऑनलाइनच करावा, आणि मुदत संपल्यावर पोर्टल उघडत नाही. शैलेशसाहेब, मान खाली घालू नका, ते उत्तर तुमच्याच टेबलावरून आलं होतं. काळीबाईंनी मला एकच विचारलं, "गुरजी, ते आकडं कुठं अडकलं?" मी काय सांगणार? ड्रॉवरमध्ये, असं सांगू?

तानी वर्षभर चिकूच्या वाडीत चिकू निवडायला जाते. शाळेसमोरचा टॉवर एवढ्या वर्षांत टूजीचा थ्रीजी झाला, थ्रीजीचा फोरजी झाला. फीत कापली, पेढे वाटले. शाळेत एसएमएस तेवढा येतो, नेटची रेंज आहे तिथेच, टेकडीवर. पाड्यावरून साधी बाळंतपणाची गाडी बोलवायची तरी माणूस आधी टेकडी चढतो. आणि भाषणं कसली? डिजिटल गाव!

असो. या वर्षीचा फॉर्म सुरू झालाय, मुदत परवापर्यंत. यंदा नव्याने मागितलेला तानीचा जातीचा दाखला कालच हातात पडला, तोवर फॉर्म अडला होता. आणि मघाशी चहा घेताना साहेब सहज म्हणाले, परवा जिल्हा बंदची हाक आहे, म्हणून उद्या सकाळपासून नेट बहुतेक बंद राहील. सहज म्हणाले! माझ्या हातातला कप तसाच राहिला.

तर हा मोबाईल मी घेत नाही. तानी, पुढे ये, बाळ. दिपकने काल यातलं सिम तुझ्या नावावर काढलंय. नंबर तुझा. यापुढे तुझा आकडा तुझ्याच हातात वाजेल. बाकीच्या बेचाळीस जणांनीही आपापला नंबर काढून घ्या, मदतीला मी घरी बसलेलाच आहे.

अहिल्याताई, माझं पान वाढू नका, जेवायला मी थांबणार नाही. वर्षाबाई, मावश्या, तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, तुमचे मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. रागाने जे बोललो, त्याची मात्र माफी मागत नाही.

तानी, चप्पल घाल. उजेड आहे तोवर टेकडी गाठायची आहे.