चार बोटं वर

वखारीत पुस्तकांच्या फळीसाठी थांबलेला म्हातारा, ऐकू नये असं वाटूनही, पुढच्या बाईचं आणि वखारवाल्याचं बोलणं ऐकत होता.

“वहिनी, काल तुमच्या कारखान्यात पाहिलं, पट्टा-करवतीचं नवं पातं चढवलंत, ताणही बरोबर दिलात. पण पातं झाकणारा गार्ड चार बोटं वर कशाला? लाकडाला जेमतेम सुटेल इतका खाली घ्या.”

“पलंगाचे पाय कापताना त्यांनीच लावलाय. जाण्याआधी, शेवटचा.”

“आणि तुम्ही कापता बोटभर जाडीच्या फळ्या! एवढं उघडं पातं? बोटं जातील.”

“खाली घेतला तर त्यांचा हात पुसला जाईल हो, भाऊजी.”

“दादा असते तर कान उपटले असते.”

“तुमचे. माझे नाही.”

“मग करायचं काय?”

“चार बोटं जाडीचं लाकूड द्या.”