ठोकळा आजींचा पाचवा भाग

समारंभाचे अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या ग्रंथपालबाई, आणि पुस्तकं वेळेवर परत करणारे व न करणारे समस्त वाचकहो,

मी या ग्रंथालयाचा बाइंडर. आजवर या व्यासपीठावर आलो तो खुर्च्या मांडायला. आज अध्यक्षांनी पाच मिनिटं बोलायला दिली आहेत. बाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "काय देऊ, काडी की ठोकळा?"

हा प्रश्न तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. काडी म्हणजे शंभर पानांच्या आतलं, ठोकळा म्हणजे डोक्याखाली उशी म्हणून चालेल असं. लेखक कोण, विषय काय, ते नंतर. बाई आधी माप विचारायच्या. आपली ती परिचारिका, तिला काडीच लागायची. म्हणायची, "एका पाळीत संपलं पाहिजे बाई, अर्धवट राहिलं तर पेशंट सोडून त्याचीच काळजी लागते." टपालखात्यातले एक गृहस्थ मात्र दर वेळी मधलंच मागायचे. काडी संपली की रुखरुख, ठोकळा संपत नाही म्हणून रुखरुख! (हसू नका, ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.)

आणि होत्या ठोकळा आजी. काही जुन्या वाचकांना आठवत असतील. त्यांच्यापुढे काडी ठेवली की त्या ती दोन बोटांनी मागे सरकवायच्या. "छोट्या पुस्तकात माणसांची ओळख होते न होते तोच निरोप. मला मुक्कामाला राहणारी माणसं हवीत."

अकरा वर्षांपूर्वी आजींनी नऊशे पानांची एक कादंबरी मागितली. आजार बळावला होता, मनगटं तर पार गेली होती, पुस्तक छातीवर पेलवेना. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, आजी, आता काडी वाचा. बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "याचे पाच भाग करा." ग्रंथालयाचं धडधाकट पुस्तक फोडायचं! पण मी शिवण उसवली, पाच वेगळे भाग शिवले, प्रत्येकाला पातळ पुठ्ठा लावला. एकेक तयार होईल तसा आजींची सून घेऊन जायची. चार गेले. पाचवा मी सोमवारी देणार होतो.

सोमवारी मी बाईंना सांगितलं, "हवा दमट आहे, खळ वाळली नाही."

बाई, खळ वाळली होती.

मी जन्मात कादंबरी वाचली नव्हती. मला पुस्तक म्हणजे कणा, दोरा आणि पुठ्ठा. पण शिवण्याआधी पानांचा क्रम तपासावा लागतो, आणि पाचव्या भागाच्या पहिल्याच पानावर एक माणूस बंद दारासमोर उभा होता. हात वर केलेला, पण वाजवत नव्हता. कुणाचं दार, का आला, मला काही ठाऊक नाही, मागचं कुठे वाचलं होतं? पण तो वाजवतो की नाही एवढं कळल्याशिवाय मला चैन पडेना. आणि लिहिणाऱ्यानं त्याला तसंच उभं ठेवून सगळा भूतकाळ काढलेला! मी अक्षर लावत लावत वाचणारा. मला तीन दिवस लागले.

गुरुवारी मी तो भाग घेऊन आलो, तर टेबलाशी आजींची सून उभी. चारही भाग पिशवीतून काढून ठेवत होती. म्हणाली, "काल गेल्या. सारखं विचारत होत्या, पाचवा आला का."

बाई म्हणाल्या, "चूक माझी. मीच पुस्तक फोडायला उशिरा दिलं."

पाचवा भाग माझ्या काखेत होता. आणि मी गप्प बसलो.

तेव्हापासून कुणी म्हाताऱ्या माणसानं ठोकळा मागितला की बाईंचा हात कपाटापाशी थबकायचा. "नक्की ना? पुरा होईल ना?" असं त्या विचारायच्या. काहींना राग यायचा. बाई हल्ली वाचकाचं वय बघून पुस्तक देतात, अशी तक्रारही झाली. मी इथेच असायचो, कोपऱ्यात, पुस्तकं शिकंज्यात आवळत. तो हात थबकलेला दिसला की मला तो दारापुढचा माणूस दिसायचा. अकरा वर्षं दिसतो आहे. मीही त्याच्यासारखाच उभा होतो, हात वर करून.

गेल्या आठवड्यात बाईंनी ते पाचही भाग कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवले. "जाण्याआधी एवढं पुन्हा एक करून द्या." परत आल्यापासून त्यांनी ते उघडलेसुद्धा नव्हते. चौथा भाग उसवताना शेवटच्या घडीत एक चिठ्ठी सापडली. अक्षर थरथरतं आहे, पण लागतं. वाचतो.

"बाई, पाचवा भाग मला पुरा होणार नाही. त्यानं दार वाजवलं की नाही, एवढंच सुनेजवळ तोंडी सांगून पाठवा."

चौथा भाग त्याच दारापाशी संपतो. सुनेला ही चिठ्ठी दिसली नसावी. आणि दिसली असती, तरी बाई काय सांगणार होत्या? पुस्तक माझ्याकडे होतं. त्या बुधवारी दुपारपर्यंत माझं वाचून झालं होतं, बाई. उत्तर मला ठाऊक होतं. दोन गल्ल्या चालून जायचं, एवढंच काम होतं. पण खळीचं खोटं उघडं पडलं असतं.

हे पुस्तक. पुन्हा एक केलं आहे, कणा नवा घातला आहे. चिठ्ठी आत आहे. बाई, तुमचा उशीर झाला नव्हता. उशीर माझा होता.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं क्षमा करावी. न बोलण्यात जे झालं, त्याची क्षमा बाईंकडे मागतो, आणि त्यांनी ती नाही दिली तरी माझी तक्रार नाही.

आणि आजी, वाजवलं त्यानं दार. आतून कुणीतरी उघडलंसुद्धा.