नव्या हॉटेलात पहिल्यांदा

डोंबिवलीतल्या त्या नव्या हॉटेलात सान्वी पार्सलसाठी उभी होती, पण तिचे कान केव्हाच शेजारच्या टेबलावरच्या दोन काकूंपाशी जाऊन बसले होते.

"नंदा, मेनू तरी बघ!"

"नको गं शुभदा, इथली मिसळ अगदीच फिकी. थालीपीठ घेऊ."

"तुला काय माहीत?"

"म्हणजे... मी आलेले एकदा. ऑफिसातली ऐश्वर्या ओढून घेऊन आली."

"नव्या हॉटेलात पहिल्यांदा आपण दोघींनीच जायचं, असं ठरलंय ना आपलं? कल्याणच्या नव्या हॉटेलाच्या दारातून नवऱ्याला परत फिरवलं मी, तुझ्यासाठी!"

"सॉरी ना! आणि मी काही मागवलंसुद्धा नाही."

"मग काय खाल्लंस?"

"तिच्याच ताटातली चमचाभर मिसळ आणि थोडं थालीपीठ."

"तिच्या ताटातलं? कॉलेजपासून माझ्या ताटाला बोट लावलं नाहीस तू! उष्टं चालत नाही म्हणे!"

"अगं, तिने आग्रहच केला..."

"मी काय कमी आग्रह केला?"

"रागावलीस?"

"छे! मी कशाला रागावू? दादा, एकच थालीपीठ आणा. ताटही एकच."

"एकात दोघींचं काय होणार?"

"नाही झालं तरी चालेल. पण तिच्या ताटातलं खाल्लंस ना, त्याहून एक घास जास्त खायचास."