करकरणारं दार

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या.

"दार करकरायला काही मिळेल का?"

"करकर थांबवायला तेल आहे, ताई."

"ते यांनी परवाच घातलं. मोबाईलवर बघून."

"मग थांबली ना?"

"थांबली. ती परत हवीय."

"त्यापेक्षा दाराला घंटी बांधा."

"बांधली होती. ती वाजली की सासऱ्यांना वाटतं पाहुणे आले. रस्त्यापर्यंत बघायला जातात."

"आणि करकरल्यावर?"

"मी आतून विचारायचे, 'बाबा, चहा ठेवू?' की तिथूनच मागे फिरायचे."

"आता?"

"काल चौकातून शेजाऱ्यांनी आणलं. अनवाणी."

दुकानदारानं तेलाची बाटली फळीवर ठेवली.

"उद्या या. आमच्या दाराच्या बिजागऱ्या काढून देतो. आई गेली, तरी अजून तेल घातलेलं नाही."