शेजारचा रंग

दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेक उभे होते. लेकाच्या शर्टावर केबल कंपनीचं नाव होतं.

"मघाशी अंबाजीकाका हाक मारत होते. तू तोंड का फिरवलंस?"

"दिसले नाहीत."

"स्वराज, माझ्याशी तरी खोटं बोलू नको."

"आई, त्यांच्या जेसीबीनं केबल तुटलीच नव्हती."

"तूच सांगितलंस ना तसं? दोन दिवस दवाखान्याचं नेट बंद, म्हणून ठेकेदारानं त्यांना कामावरून काढलं!"

"हळू बोल. एकाच काचेच्या तारेतून पुष्कळ रंगांचा प्रकाश जातो. एकेका गावाला एकेक रंग. आपला तेवढा उचलायला फिल्टर असतो, तो जुळवून ठेवायचा असतो. मी शेजारच्या रंगावर लावला आणि विसरलो. सापडलं तेव्हा दोन दिवस गेले होते."

"आणि तुमच्या कंपनीच्या साहेबांना कळलं न्हाय?"

"तार तुटली असती तर सगळीच गावं बंद पडली असती. बंद होतं एकटं आपलं. पण कुणी विचारलंच नाही. काका तिथंच गटार खणत होते, मी त्यांच्याकडे बोट दाखवलं."

"त्यांनी ऐकून घेतलं?"

"संध्याकाळी मला गाठलं. हात जोडून म्हणाले, मला कळलं न्हाय रे, माझ्याच हातनं तुटली असंल, माफ कर."

"मग तू काय म्हणालास?"

"जाऊ दे ना, आई. बोट लागली."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, पुढच्या वेळी बघून खणा."