अजानीच्या आधीची साखर

हॅलो?… हो शोभाकाकू, आरिफाच बोलून राह्यली. यवतमाळात, क्लासवर. आत पोरं बसले आहेत… काय झालं अम्मीले?

घाम?… हातही कापून राह्यले?… थांबा. पहाटे सहरीले शुगरची गोळी घेतली होती का तिनं?… घेतली. आन् वरून रोजा. नको म्हटलं होतं मी तिले.

भाई कुठं आहे, शाहिद?… मशिदीत. मंग तुम्हीच ऐका काकू, तिले साखर द्या. आत्ता… सरबत केलं? बरं झालं… दिलं नाही? काहून?… अजान व्हायची आहे म्हणून? आन् तेही बिनसाखरेचं?… अहो, शुगर वाढली नाही, उतरली तिची… नाही, तुमच्यावर नाही चिडली मी.

नाही लागत पाप. आजारी माणसाले माफी आहे, रोजा मागून धरता येते…

हो, तुमची एकादशी माहीत आहे मले. पण तुमाले गोळी चालू नाही ना… अम्मी अंगानं भरली आहे, कबूल. पण चरबी म्हणजे जाड ओंडके, काकू. मेंदूची चूल ओंडक्यानं नाही पेटत, तिले कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्याच लागतात. साखर म्हणजे पऱ्हाट्या… अहो, आता हेच शिकवून राह्यली होती मी. पेशीत एटीपी असते, ते तुटलं की शक्ती सुटते. पण त्याचा साठा क्षणाचा. तुटलं की लगेच जोडा लागते, आन् मेंदूत जोडाले साखर पायजे. ती गोळीनं उतरवली…

हो, हो… ते मंग सांगतो. साखर टाका. अजून. ढवळा.

गिळता येते ना तिले?… तोंड मिटून बसली? फोन लावा तिच्या कानाले.

अम्मी… मैं आरिफा. पी लो… अजान को देर है, अम्मी. गुनाह मेरे सर पे. पी लो ना…

काकू?… घेतला घोट?… हळू, ठसका लागंल. पूर्ण पाजा…

हो, आहे मी. फोन नका ठेवू… मी निघतोच बाभुळगावले. शाहिद आला की डॉक्टरकडे न्या म्हणा, बरं वाटलं तरी न्या…

काय म्हणून राह्यली ती?… द्या तिच्याजवळ.

जी अम्मी… जी, रोजा टूटा. मैंनेच तुडवाया… हां, पढ-लिख के बिगडी मैं… जी…

नाही काकू, फोन नका घेऊ तिच्या हातातून. देऊ द्या शिव्या… मी ऐकून राह्यली.