हात न लावता

माझा जन्म इब्रामपूरचा, डोंगरातला. तिथे पाणी म्हणजे गुडघाभर ओहोळ, आणि हाक म्हणजे कुकारो. माड-पोफळींच्या या कुळागरातून त्या कुळागराकडे लांब सूर लावून घातलेला, की समोरून तसाच परत यायचा, आणि नाही आला तर माणसं सगळं टाकून धावत सुटायची. लग्न होऊन मोरजीला आले तेव्हा दर्या पहिल्यांदा पाहिला. काय सांगू तुम्हाला, त्याला कुकारो घातला तर परत काहीच येत नाही. ती भीती अजून पोटात आहे, आणि पोर नेमकी निघाली ती तासन्‌तास दर्यात पोहणारी.

रेश्मा तिचं नाव. तिचा बाप, माझा घोव, होडीवर जाताना तिला सोबत न्यायचा, तिथेच ती पोहायला शिकली. पुढे डिचोलीकडच्या एका कंपनीने आमच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम काढलं, त्यात मला राखणीला घेतलं. ओल्या वाळूचा वास नाकात भरून मी घरट्यांपाशी बसते, कुत्रे हाकलते. पिल्लं बाहेर पडली की त्यांना हात लावायचा नाही, पाण्यापर्यंत ती आपली आपण गेली पाहिजेत, असा नियम. एखादं उताणं पडून पाय हलवत राहतं, माझा जीव तुटतो, पण मी नाही लावत. मग त्याच कंपनीने रेश्माला पुढे केलं. दर्या राखा हे लोकांना सांगायला ती तेरेखोल नदीच्या मुखापासून मोरजीपर्यंत पोहणार, डोक्यावर कासवाचं चित्र असलेली टोपी, खर्च सगळा कंपनीचा. आणि इथेही नियम तोच, पोहणाऱ्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी पोहणं बाद.

गेल्या खेपेला मी घोवाच्या होडीत होते. आमचं ठरलेलं, मी कुकारो घालायचा, तिने डावा हात वर करायचा. मांद्र्याचा किनारा मागे पडला, पाणी शिशासारखं काळपट झालं, गार वारा सुटला. मी कुकारो घातला, हात वर आला नाही. पुन्हा घातला, पुन्हा घातला. ती तशीच, तोंड पाण्यात, हात जड जड पडत होते. घोव म्हणाला, थांब गो जरा, पोवता मगे ती. मी थांबले नाही, वाकले आणि तिचा दंड धरला. ती दचकून वर आली, आये, ह्यां काय केलंस. तेव्हा मला तिच्या कानातला कापूस दिसला. सकाळी मीच घातलेला, खोबरेलात भिजवून, घट्ट; आमच्या गावात थंडीच्या दिवसांत पोर पाण्यात उतरलं की घालतात तसा. माझा कुकारो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

कंपनीच्या मॅडम वाईट नाहीत. शांतपणे म्हणाल्या, मावशी, कासवाच्या पिल्लांना तुम्ही हात लावत नाही, मग हिलाच का लावलात? मी म्हटलं, बाई, ती काही माझ्या पोटची नव्हेत. त्या हसल्या, पण जाताना सांगून गेल्या की खर्च आणखी एकदाच करू, आणि होडीत मावशी नकोत. यावर रेश्मा म्हणाली, आय होडीत नसली तर मी उतरूचंय नाय, माका तिचा तोंड दिसाक होया. बाप म्हणाला, मगे फोटो काढून भिंतीक लाव, रोज बघ. पण पोर हटली नाही. शेवटी मॅडमनीच मानलं.

उद्या ते पोहणं आहे. रेश्मा म्हणते, आये, ह्या खेपेक कान उघडे ठेवतंय, तू फक्त कुकारो घाल. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसणार आहे. घोवाने तर मला बांधायला दोरीही दाखवून ठेवली आहे, हसत हसत. पण सकाळपासून घशाला कोरड पडली आहे. मघाशी परसात जाऊन कुकारो घालून पाहिला, आवाज माडाच्या चुडतांपर्यंतही चढला नाही. खोबरेलाची वाटी भरलेली आहे, कापूस मात्र डब्यातून बाहेर काढला नाही. ते तेल आता मीच घशाला चोळते आहे. गावच्या देवीला, मोरजाईला, एवढंच सांगितलं आहे, पोर आपल्या पायांनी वाळूला लागू दे, आणि तोवर माझे हात तूच धरून ठेव.